तीन जूनची हजेरी

मी साखर कारखान्यात पॅनमन हाय. उसाच्या रसाचा पाक आटवायचा आन् त्यात साखरेचा दाना धरायचा, हे माझं काम. अठ्ठावीस हंगाम झाले. कागदावर मला 'हंगामी कायम' म्हंत्यात. आमची तुळजा ल्हान व्हती तवा हे वाचून म्हनली, "आप्पा, हंगामी तर हंगामी, कायम तर कायम. दोन्ही कसं असंल?" म्हनलं, असतंय बाई. कारखाना चालला तर पगार, बंद झाला तर घरी, पन जागा आपलीच. फकस्त बॉयलर पेटायच्या वक्ताला फाटकावर हजर पाह्यजे. टाइम ऑफिसात नाव लागलं की मिटलं. न्हाई गेलं की जागा दुसऱ्याची.

मागच्या दुष्काळात दोन हंगाम चिमनीतून धूर निघाला न्हाई. माझ्याच पाळीतला राधाकिशन कंटाळून पुन्याला हाटेलात गेला. तिसऱ्या साली कारखाना सुरू झाला आन् त्याला खबर लागली चार दिवसांनी. तो येईस्तवर त्याच्या जागेवर एका डायरेक्टरचा भाचा बसलता. राधाकिशन आजून पुन्यातच ताटं उचलतोय. मी मातर दर सोमवारी जाऊन बंद फाटकासमोर उभा राहून आलतो, म्हनून जिथल्या तिथं हाय. ज्याला हे येड्यासारखं वाटतंय त्यानं दोन हंगाम घरी बसून बघावं.

आता तुळजाचं सांगतो. लिंबागणेशच्या अलीकडं आमचं सात एकर व्हतं, त्यातलं चार एकर नव्या रस्त्यात गेलं. मोबदला आला. भाऊबंद म्हनले प्लॉट घे, मेव्हना म्हनला जेसीबी घे. तुळजा बारावीला पहिली आलती. ती म्हनली, मला पायलट व्हायचंय. मी म्हनलं हो. कावून म्हनलं ते मला इचारू नका. रानातून रस्ता गेला तवापासून माझं डोकं जाग्यावर नव्हतं. पन पोरगी शिकली. मध्य प्रदेशात विमानाची शाळा हाय, तिथं राहून तिनं लायसन काढलं, दुसऱ्याला शिकवायचं बी लायसन काढलं, आन् मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत तिची निवड झाली. कागद आला: तीन जून दोन हजार एकोणीसला ट्रेनिंगला हजर व्हावे. तो कागद मी देव्हाऱ्यात ठेवला. गावात पेढे वाटले, साखर आमच्याच कारखान्याची.

आन् एप्रिलात कंपनी बंद पडली.

तुळजा घरी आली. त्या साली पाऊस न्हवता, हिरी कोरड्या, टँकर दोन दिवसाआड. तिची आई विमल दोन गायी घेऊन चारा छावनीवर राहायला गेलती. मी आन् तुळजा भाकरीचं गठुडं घेऊन दुपारी छावनीवर जायचो. तिथं सगळं गाव बसलेलं, काम न्हाई धंदा न्हाई, जो तो पोरीला इचारी. बंकट म्हनून माझा चुलतभाऊ हाय, तोंडाचा लई फाटका. तो म्हनला, "काय गं तुळजे, सरकार पाऊस पाडायचं विमान आननारे म्हंत्यात, ते तूच घेऊन यायलीस का? आलीस तर आमच्या रानावरून दोन चकरा जास्त मार."

पोरगी हसली. मला मातर राग आला. म्हनलं, "बंकट, गप बस बे, तुझ्या गायीकडं बघ, दावं सुटलंय."

पन खरं सांगू, मलाच काय समजत नव्हतं. मी तिला इचारलं, "कंपनी बंद म्हंजे नक्की काय बंद? विमानं हायत ना?"

"विमानं भाड्याची होती आप्पा. मालकांनी परत नेली."

विमान भाड्यानं मिळतंय हे मला तवा कळलं. म्हनलं, "बरं. मंग डायरेक्टर बॉडी कवा बदलतीय? निवडनूक कवा हाय? आमचं तर पॅनल बदललं की कारखाना सुरू व्हतोय."

"तिथं निवडणूक नसते आप्पा."

"मंग सभासद काय करत्यात?"

तिनं कपाळाला हात लावला. मंग सावकाश सांगाया लागली. बंद पडलेल्या कंपनीचे हजारावर पायलट रिकामे झालेत. बाकीच्या कंपन्या त्यातले दोन-चार घेतायत, तेही हजारो तास विमान चालवलेले. तिचे तास दोनशे. म्हनलं, दोनशे म्हंजे किती? तर म्हनली, तुमच्या पंचवीस पाळ्या. अरे देवा, चार एकरात पंचवीस पाळ्या बसल्या. आन् आता जास्त तास असल्याशिवाय नोकरी न्हाई, नोकरी असल्याशिवाय तास वाढत न्हाईत. वर आनखी असं, की चालवत राहिलं न्हाई तर हाय ते लायसन बी शिळं व्हतंय. मी रातभर ह्याचा इचार केला. दोन्ही बाजूंनी ओढून बघितलं, गाठ सुटंना.

मंग मे महिन्यात तिच्या जुन्या शाळेतून फोन आला. नव्या पोरांना शिकवायला एक जागा हाय, पगार थोडाच, पन विमान रोज चालवाया मिळंल, तास वाढतील. पाच जूनपर्यंत येऊन हजर व्हायचं, न्हाईतर जागा दुसऱ्याला. पोरीच्या तोंडावर लई दिवसांनी रंग आला.

मी म्हनलं, न्हाई.

"का आप्पा?"

"तुझ्या कंपनीचं ते पत्र वाच." कंपनीचं एक पत्र मागून आलतं, इंग्रजीत. तिनंच मला वाचून दाखवलं व्हतं की उड्डानं तात्पुरती थांबवलीत. "तात्पुरती लिहिलंय का न्हाई? आमच्या कारखान्याच्या फळ्यावर बी हेच लिहीत्यात. तू तिकडं मास्तरकी करत बसलीस आन् हिकडं कंपनी सुरू झाली तर? तुझी राधाकिशनवानी गत व्हायची. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये."

तुळजानं माझ्याकडं बघितलं. ती रागावली नव्हती, तिला खरंच जानून घ्यायचं व्हतं. "आप्पा, ह्यातलं हातचं कोणतं आन् पळतं कोणतं, तेवढं सांगा. मला बी कळत नाही."

ज्याला उत्तर येत न्हाई तो आवाज चढवतोय, तसा मी चढवला. विमल शेण भरता भरता म्हनली, "पोरीला जाऊ द्या. तुमचा कारखाना न्हवं तो." मी तिला बी बोललो. शेवटी मी म्हनलं, तीन जूनला मी सोता तुला मुंबईला घेऊन जातो. हजेरी लावू. मंग बघू. पोरगी तयार झाली. तिचा बी कुठंतरी जीव अडकलता त्या कंपनीत, न्हाईतर ती माझं ऐकनारी न्हवं. पन बॅग भरताना तिनं चार ड्रेस जास्तीचे घातले, ते मी बघितलं आन् बघितलं न्हाई असं केलं.

तीन जूनला सकाळी नऊला आमी त्या कंपनीच्या दारात. काचेची इमारत, काचंला आतून कागद चिकटवलेला. बाहेर एक वॉचमन खुर्ची टाकून बसलता. मी देव्हाऱ्यातला कागद काढून त्याच्यापुढं धरला आन् आमच्या हैदराबादी हिंदीत म्हनलं, "साब, आज का तारीख है. लडकी हाजिर है. नाव लिख लो."

"ऑफिस बंद है, चाचा."

"बंद है मालूम है. इसीच वास्ते तो आये. सुरू रहता तो कोन भी आता."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. तुळजा जमिनीकडं बघत व्हती. बिचारा भला मानूस, म्हनला, रजिस्टर न्हाई माझ्याकडं. म्हनलं, कोऱ्या कागदावर लिही. तवर मागून कुनीतरी हाक मारली, "तुळजा?"

पंचेचाळिशीचा मानूस, पांढरा शर्ट, दाढी वाढलेली, हातात फाइल. तुळजा वाकून त्याच्या पाया पडली. "आप्पा, हे माझे सर. मला विमान चालवायला ह्यांनीच शिकवलं. मग ते ह्या कंपनीत कॅप्टन झाले."

समोर टपरी व्हती, तिथं सरांनी चहा सांगितला. ते कंपनीतून अनुभवाच्या दाखल्यावर सही घ्यायला आले व्हते. ही सहावी खेप, म्हनले. सही करनाराच आता कंपनीत न्हाई. मी इचारलं, "तुमचे तास किती, साहेब?"

"साडेपाच हजार."

साडेपाच हजार तासवाला मानूस टपरीवर उभा, मंग आमच्या दोनशेला कोन इचारतंय. मी म्हनलं, "मंग तुमाला तर कुनी बी घेईल."

"घेतील, घेतील म्हणता म्हणता दोन महिने गेले. मुलगी दहावीला आहे, तिला अजून सांगितलं नाही. रोज सकाळी शर्ट घालून घराबाहेर पडतो." मंग ते तुळजाकडं वळून जरा बरं वाटल्यागत बोलले, "पण एक आशा आहे. आपल्या शाळेत शिकवायची एक जागा निघालीय. मी मोठ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ती एका मुलीला दिलीय, पण तिचा काही निरोप नाही. पाच तारखेपर्यंत ती आली नाही तर तू ये. तिकीट काढून ठेवलंय. असं म्हणू नये, पण रोज देवाला म्हणतो, ती मुलगी न येवो."

तुळजाचा कप तोंडाशी गेलता, तो तिथंच थांबला. आमची पोरगी मला पाठ हाय. ती आता काय बोलनार ते मला तिच्या मानेवरून कळलं. "सर," ती म्हनली, "ती मुलगी..."

ती जागा सोडनार व्हती. ज्याच्या पाया पडली त्या मानसासाठी तिनं ती सोडलीच असती, आन् मंग माझ्याबरोबर परत येऊन छावनीवर बसली असती. आन् ह्या जागेला मीच न्हाई म्हनलतो. मी जिला मास्तरकी म्हनलो तिच्यासाठी साडेपाच हजार तासांचा मानूस देवाचा धावा करत व्हता, आन् मी माझ्या पोरीला कागद चिकटवलेल्या काचंपुढं उभी केलती. मला लई लाज वाटली.

"ती पोरगी ही हाय," मी म्हनलं. "जागा हिचीच हाय. ही उद्या तिथं हजर व्हनार."

तुळजा म्हनली, "आप्पा, सरांना जास्त..."

"तू गप. गाडी कितीला हाय ते इचार."

सरांनी तिच्याकडं बघितलं. "मग तू इथं काय करतेस?"

तिच्या जागी मीच बोललो. "मी आनली. हजेरी लावायला."

मला वाटलं आता हा हसनार, न्हाईतर चिडनार. हसला असता तरी चाललं असतं. चिडला असता तर मी पन चिडलो असतो, ते मला जमतंय. पन त्यानं फाइल टपरीच्या फळीवर ठेवली, खिशातून फोन काढला आन् आमच्यासमोरच लावला.

"सर, नमस्कार. नाही, माझं नाही. ती मुलगी उद्या पोचतेय. हो, तुळजा. तिची जागा ठेवा. माझ्या हाताखाली शिकलीय, हात चांगला आहे तिचा. उतरवताना घाई करत नाही." जरा वेळ त्यानं पलीकडचं ऐकलं. "नाही, माझं बघतो मी काहीतरी."

फोन ठेवून तो तुळजाला गाडी सांगाया लागला. चार वाजता सुटती, रिझर्वेशन मिळनार न्हाई, जनरलच्या डब्यात बसायचं, भोपाळला बदलायचं. ती रडत रडत लिहून घेत व्हती. चहाचे पैसे मी द्यायला गेलो तर त्यानं माझा हात धरला, म्हनला, राहू द्या काका.

माझ्या पोरीचा हात चांगला हाय, हे मला म्हाईतच नव्हतं. चार एकर घातलं, पेढे वाटले, पन हे मी कधी इचारलंच न्हाई. ते सांगितलं कुनी, तर ज्याची जागा मी आत्ता काढून घेतली त्यानं. मी त्या टपरीवर लेकरागत रडलो. पोरीसाठी रडलो का त्या मानसासाठी, ते मला आजून समजलं न्हाई.