पिसवांसाठी राख

चुकलेली म्हैस तिसऱ्या दिवशी आपली आपण गोठ्यात आली. तिला शोधायला नागूबरोबर रानात गेलेला कुत्रा अकराव्या दिवशी आला. नागू मात्र आला नाही.

गुंद गावाच्या पलीकडे सात घरांची वाडी आहे. तिच्यातलं शेवटचं घर नागूचं. घरामागे भाताची खाचरं, आणि खाचरं संपली की रान. त्या घरात आता दोघीच उरल्या होत्या, नागूची बायको फुला आणि त्याची आई बाळी. फॉरेस्टवाले चार दिवस हिंडले, कुळगीहून वाटाडे आले, वाडीतल्या गड्यांनी नदीपर्यंतचं रान पालथं घातलं. ना कोयता सापडला, ना कांबळं, ना रक्ताचा थेंब. मग "येईल, येईल" म्हणत माणसं एकेक करून आपापल्या कापणीला लागली. त्यांचं तरी काय चुकलं? पिकलेलं भात कुणासाठी थांबत नाही.

बाळीही थांबायला तयार नव्हती. महिना उलटला तशी ती म्हणू लागली, दर्भाचा पुतळा करून पोराचे दिवस घालून टाकूया, त्याला रानात अडकवून ठेवायला नको. हा विषय निघाला की फुलाचं डोकं फिरायचं.

"ज्याचं मढं कुणी बघितलं न्हाई, त्याचं दिवस घालायचं व्हय? माझा माणूस जिता हाय, आत्या. मी कपाळ पुसणार न्हाई."

बाळीला पोरगा मेलेला हवा होता असं कुणी समजू नये. तिला तो सुटलेला हवा होता. फुलाला तो जिवंत हवा होता, बाकी काही नको. एका चुलीवरचं जेवणाऱ्या त्या दोघी तेव्हापासून एकमेकींच्या तोंडाकडे न बघता ताटाकडे बघून बोलत होत्या.

कुत्र्याचं नाव सायब. पिल्लू असताना तो फॉरेस्ट गार्डाच्या खुर्चीत ऐटीत जाऊन बसला होता, म्हणून नागूनंच ते ठेवलेलं. रानातून आला तेव्हा त्याची सगळी साहेबी उतरली होती. फासळ्या वर आलेल्या, एक कान फाटलेला, आणि अंगावर पिसवा. थोड्याथोडक्या नव्हेत. केस फाकवले तर कातडी दिसायची नाही, पिसवाच दिसायच्या. शहाण्या बाईनं त्याला लांब फणसाला बांधला असता. पण नागूचा हात शेवटचा फिरला तो याच्या पाठीवरून, हे फुलाच्या मनात बसलेलं. तिनं त्याला घरात घेतला, पोटाशी धरला आणि आपल्या घोंगडीवर झोपवला.

पंधरा दिवसांत घर पिसवांनी भरलं. भात वाढायला बसलं की पाय चावायच्या, अंथरुणाला पाठ टेकली की पाठ. दोघींच्या पोटऱ्या लाल फोडांनी भरल्या. बाळीनं कुत्र्याला करंजाचं तेल चोपडलं, निरगुडीचा पाला जाळून धुरी दिली, जमीन दोनदा शेणानं सारवली. धुरानं दोघी खोकून बेजार झाल्या, पिसवांना शिंकसुद्धा आली नाही.

आणखी एक होतं, त्याबद्दल दोघीही बोलत नव्हत्या. सायब दिवसभर अंग खाजवायचा, पण तिन्हीसांजेला थांबायचा. मागच्या दाराकडे तोंड करून ताठ बसायचा, आणि पिसवा कानावरून फिरताना दिसत असल्या तरी पाय उचलायचा नाही. शेपूट तेवढी जमिनीवर हळूहळू हलायची. फुला त्या वेळी मुद्दाम भांडी आपटायची.

शेवटी शेजारच्या लाडूनं, म्हणजे नागूच्या चुलतभावानं, नारायणला बोलावून आणलं. नारायणनं गुरांच्या डॉक्टरच्या हाताखाली वीस वर्षं काढली होती. त्यानं सायबच्या मानेवर केस फाकवून नळीतलं औषध सोडलं आणि ओसरीवर ऐसपैस बसून सांगायला लागला.

"कुत्र्यावरच्या ह्या थोड्याच, वैनी. बाकीच्या तुमच्या जमिनीत हायत. अंडी हायत, अळ्या हायत, आणि कोशात गप पडून ऱ्हायलेल्या हायत. ह्या कोशातल्यांस्नी औषध लागत न्हाई, धूर लागत न्हाई."

"मग करायचं काय वो, अण्णा?" फुलानं विचारलं.

"अंथरूण-पांघरूण उकळून उन्हात टाका. कुत्रं बाहेर बांधा. राख चाळून घ्या, चुना मिसळा, भेगा बुजतील अशी जमिनीवर पसरा आणि तीन दिवस घर बंद ठेवा. हिंडत्या आणि अळ्या सुकून मरतील. कोशातल्या मातुर निजलेल्या ऱ्हातील, महिनाभरसुदीक. त्यांस्नी जित्या अंगाची ऊब लागली, श्वास लागला, की कोश फोडून टुणकन उडतात. म्हणून चौथ्या दिवशी आत शिरून हिंडायचं, सगळ्या उठवायच्या, झाडून काढायचं आणि परत राख घालायची. असं तीन-चार डाव करा की, घर साफ हुतंय बगा."

"आणि गार अंग आसलं तर?" बाळीनं विचारलं.

नारायण आपल्या नादात बोलून गेला, "गार अंग म्हंजे त्यांस्नी दगडच. उलट ज्या अंगावर हायत ते गार पडलं, की त्याला सोडून जवळच्या गरम अंगावर चढतात."

बोलून झाल्यावर त्यानं वर बघितलं. लाडू सायबकडे बघत होता, बाळीही सायबकडे बघत होती. त्याच्या अंगावर एवढ्या पिसवा आल्या कुठून, हे आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं. फुला ताडकन उठली आणि चहा टाकायच्या निमित्तानं आत गेली.

राख घालायचं काम बाळीनं आपणहून अंगावर घेतलं. फुलाला बरंच वाटलं. चुलीतली राख उपसायचा तिला कंटाळा होता. म्हातारीनं राख लुगड्याच्या फडक्यातून तीनदा चाळली, सुपाच्या काठानं सगळीकडे सपाट केली, मागच्या दाराला आतून कडी घातली, आणि मधोमध पाण्याची परात ठेवून तिच्यात पणती लावली. पणतीवर पिसवा झेप घेतात आणि पाण्यात बुडतात, हा जुना उपाय सगळ्यांनाच ठाऊक. मग आपली पावलं सुपानं पुसत, उलटी चालत ती पुढच्या दारातून बाहेर आली. कुलूप घातलं. दोघी खळ्यावरच्या खोपीत राहायला गेल्या आणि सायब लाडूच्या अंगणात.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाडूची बायको मनीषा भाकऱ्या घेऊन खोपीत आली. बाळी म्हशीकडे गेली होती. मनीषाचा स्वभाव गरीब, पण तोंडात तीळ भिजत नाही.

"आत्यांनी ब्येस केलं, अक्का," ती म्हणाली. "एकदा पाऊल बघितलं म्हंजे तुमच्या जिवालाबी थारा मिळंल."

"कसलं पाऊल?" फुलानं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं.

माणूस गेला की घरात राख पसरायची, दिवा ठेवायचा, दार लावून घ्यायचं आणि नंतर राखेत बघायचं, गेलेला येऊन गेला का. फुलानं आपल्या सासऱ्याच्या वेळी हे डोळ्यांनी बघितलं होतं. चाळलेली राख, दिवा, बंद घर. पिसवांच्या औषधाला आणि मेलेल्याचं पाऊल बघायला सामान एकच लागतं, आणि म्हातारीनं एका राखेत दोन कामं उरकली होती.

बाळी परत आली तेव्हा फुला खोपीच्या तोंडाशीच उभी होती.

"जित्या माणसाचं पाऊल बघताय, आत्या? पोटचा हाय न्हवं तुमचा?"

"पोटचा हाय म्हणूनच," बाळी म्हणाली. तिनं नजर चुकवली नाही. "ऐक, फुले. पाऊल उमटलं न्हाई, तर मी मरंस्तवर त्याच्या दिवसांचं नाव काढणार न्हाई. तू म्हंशील तसं. वाट बघ, मीबी बघतो तुझ्यासंगट."

"आणि उमटलं तर?"

"तर त्याला सोड."

"उमटायचंच न्हाई," फुला म्हणाली. ते दोन दिवस तिनं भात झोडपलं ते असं, की लाडूला मध्ये पडून तिच्या हातातली पेंढी काढून घ्यावी लागली.

चौथ्या दिवशी सकाळी, उन्हं अंगणात आल्यावर, त्या दोघी आणि लाडू-मनीषा घरापाशी आले. कुलूप होतं तसंच होतं. लाडूनं ते काढलं आणि दार आत ढकललं.

उजेड राखेवर पसरला. पणती कधीच विझली होती, परातीतलं पाणी मेलेल्या पिसवांनी काळं झालं होतं. आणि राखेत पावलं होती.

अनवाणी पुरुषाची पावलं. मागच्या दारापासून निघालेली, चुलीजवळून गेलेली, परातीला वळसा घालून फुला अंथरूण टाकते तिथवर आलेली. तिथं दोन्ही पाय जुळवून कुणी बराच वेळ उभं राहावं तसे दोन खोल ठसे होते. उजव्या पायाला चारच बोटं होती. नागूची करंगळी लग्नाच्या साली नांगरणीच्या टिलरमध्ये गेली होती, आणि चिखलात उमटलेलं ते पाऊल वाडीतलं शेंबडं पोरही ओळखायचं.

बाळी उंबऱ्यावर बसली. "आलास रं, माझ्या लेकरा," एवढंच म्हणाली.

फुला मात्र हसली. मोठ्यानं, महिन्या-दीड महिन्यात पहिल्यांदा हसली. मनीषानं घाबरून लाडूचा दंड धरला.

"जिता हाय! म्या सांगत न्हवतो? त्या दाराच्या फटीतनं हात घालून कडी काढायची ती त्यांस्नीच जमती, दुसऱ्या कुणाला न्हाई!"

"कडी तर लागलेली हाय, वैनी," लाडू हळू आवाजात म्हणाला.

"आत येऊन लावून घेतली आसंल."

"पर परतीचं पाऊल एकबी न्हाई."

"मग आतच हायत की! माळ्यावर निजल्यात. थकून आलेला माणूस, घरात कुणी न्हाई, काय करंल?" फुलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. कुणी धरायच्या आत ती उंबरा ओलांडून आत शिरली. "ओ! ऐकलासा काय? म्या आलोय. उतरा की खाली!"

चार पावलं गेली, पाच गेली, आणि तिच्या घोट्यांना डंख झाले. तिनं खाली बघितलं. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तशी तिच्या पायांभोवती राख उडत होती. निजलेल्या पिसवा उठत होत्या, शेकड्यांनी, राखेतून वर उसळून तिच्या पोटऱ्यांना लागत होत्या. तिनं मागं वळून बघितलं. दारापासून इथपर्यंत तिच्या प्रत्येक पावलाभोवतीची राख सुईनं टोचल्यासारखी भोकाभोकांची झाली होती.

मग तिनं शेजारची पावलं बघितली.

त्यांच्याभोवतीची राख बाळीनं सुपानं सपाट केली होती तशीच होती. एक भोक नाही, एक ठिपका नाही. ती वाकून एकेक पाऊल बघत चुलीपर्यंत गेली, तिथून मागच्या दारापर्यंत बघून आली. एवढा पुरा माणूस या जमिनीवरून चालत आला, तिच्या अंथरुणाच्या जागी उभा राहिला, आणि त्याच्यासाठी एकही पिसू उठली नव्हती.

"वैनी, बाहेर या," लाडू दारातून म्हणाला. आत यायला त्याचा पाय धजत नव्हता.

फुला त्या जुळलेल्या दोन ठशांपाशी खाली बसली. उजव्या पायाच्या ठशात तिनं आपला तळहात अलगद ठेवला. क्षणभर काही झालं नाही. मग तळव्याखालची राख हलली. त्याच्या टाचेखाली निजून राहिलेल्या पिसवा तिच्या हाताच्या उबेनं जाग्या झाल्या आणि बोटांमधून वर चढू लागल्या. हात लाल झाला तरी तिनं तो उचलला नाही. माळ्याकडे तिनं पुन्हा बघितलं नाही, हाकही मारली नाही.

मग ती बोलली, आणि बोलताना तिनं सासूच्या तोंडाकडे बघितलं.

"आत्या, दर्भ आणायला सांगा भावजींस्नी. आजच सांगा. लई गारठल्यात वो ते."