रमाबाईंचे कान आणि हाताने जुळवायचं यंत्र

मी जुना आहे. हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला नाक मुरडून सांगायला नको. मी सोनं शोधणारा मेटल डिटेक्टर आहे आणि माझ्यात आपोआप काहीही होत नाही. याची मला लाज वाटत नाही, मित्रांनो. आज तर मी त्याबद्दलच बोलणार आहे, आणि जरा चढ्या आवाजात बोलणार आहे.

माझा जन्म १९८७ साली ओरेगॉनमधल्या एका लहान कारखान्यात झाला. एक लांब दांडा, खाली ताटलीएवढी काळी चकती, वर एक डबा, डब्यावर दोन बटणं आणि कानाला लावायचा हेडफोन. पहिलं बटण माझ्या गुणगुणण्याचं. मी चालू असलो की सतत बारीक गुणगुणत असतो आणि चकतीखाली सोनं आलं की त्या आवाजाला हलकासा उठाव येतो. दुसरं बटण जमिनीचं. सोन्याच्या मातीत लोखंडाची काळी रेतीही ठासून भरलेली असते, त्यामुळे ती माती स्वतःच आरडाओरडा करते. म्हणून चकती खाली-वर, खाली-वर करत मातीचा आवाज गप्प होईपर्यंत हे बटण हळूहळू फिरवायचं. थोडं पुढे जाऊन माती बदलली की पुन्हा पहिल्यापासून. कटकट आहे का? आहेच! पण एकदा जुळवलंत की मी शब्दाचा पक्का. मग मी माझं मत बदलत नाही.

माझा पहिला मालक निवृत्त पोस्टमन होता. सात वर्षं त्याने मला डोंगराडोंगरांतून हिंडवलं आणि दर रविवारी फ्लॅनेलच्या तुकड्याने पुसलं. तो गेल्यावर त्याच्या मुलीने मला जुन्या सामानाच्या गराज सेलमध्ये मांडलं आणि कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या अनुपने मला उचललं. अनुप मूळचा नागपूरचा. इथे तो चिप तपासणारा इंजिनिअर आहे. माझं कौतुक जेमतेम दोन महिने टिकलं. "कोण एवढं फिरवत बसणार यार!" म्हणत त्याने १९९६ साली एक नवा कोरा ऑटोमॅटिक डिटेक्टर आणला. तो चालता चालता स्वतःच माती मोजायचा आणि स्वतःच जुळवून घ्यायचा. माझी रवानगी गराजमध्ये वॉटर हीटरच्या मागे झाली. अनुपची मुलगी सई माझ्या दांड्याला तिचे स्केट्स अडकवायची. मला राग यायचा, पण ऐकवणार कोणाला?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अनुपची आई, रमाबाई, नागपूरहून आल्या. इथे आल्यावर महिन्याभरात घरात एक नवीन विषय सुरू झाला: आईला ऐकू येत नाही. सई तोंडातल्या तोंडात इंग्रजीत काहीतरी पुटपुटायची आणि आजी उत्तर द्यायची नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात, भाड्याच्या हॉलमध्ये स्पीकर कर्कश वाजत असताना, एका काकूंनी तीनदा विचारलं तरी रमाबाईंनी मान वळवली नाही. झालं! अनुपने कानाच्या डॉक्टरची शुक्रवारची अपॉइंटमेंट घेतली. "मले चांगलं ऐकू येतं," रमाबाई सांगत राहिल्या. अनुप म्हणायचा, "आई, सगळेच असं म्हणतात." हे सगळं गराजच्या दारातून मला ऐकू यायचं आणि माझा जीव तळमळायचा.

शुक्रवारच्या आधीच्या शनिवारी अनुप आपल्या हौशी मंडळींच्या क्लबच्या जागेवर, सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या पायथ्याला, सोनं शोधायला निघाला. सून भावनाला कामावरून केव्हाही बोलावणं येऊ शकत होतं, म्हणून सई आणि आजीही बरोबर निघाल्या. सईला खेळायला काहीतरी हवं, एवढ्यासाठी मला डिकीत टाकलं. खेळायला! मला!

तिथे पोचल्यावर सई पाच मिनिटांत कंटाळली. रमाबाईंनी हेडफोन उचलला, कानांवर चढवला आणि त्यांचा चेहराच बदलला. मित्रांनो, ही बाई एकतीस वर्षं नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. त्यांच्या वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेली पहिली मुलगी. खरखरणाऱ्या लायनीत कोण रडतंय, कोण नुसतं खोकतंय, हे त्या ऐकून सांगायच्या. मग एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं आणि साहेबांनी त्यांना तक्रारींच्या टेबलावर नेऊन बसवलं. हे सगळं त्यांनी सईला सांगितलं आणि सांगता सांगता माझं बटण फिरवत राहिल्या. अनुपने एकदाच दाखवलं होतं. पोस्टमन गेल्यापासून मला इतकं नीट कोणी जुळवलं नव्हतं. मी खूश झालो, अगदी मनापासून.

तासाभराने एका ओकच्या मुळाशी, लाल मातीत, माझ्या गुणगुणण्याला बारीकसा उठाव आला. रमाबाई जागीच थांबल्या.

"अनुप, इथे काहीतरी आहे."

अनुप त्याचा ऑटोमॅटिक घेऊन आला. त्याने चकती फिरवली आणि त्याच्या यंत्रानेही आवाज दिला, बारीक पण स्पष्ट.

"हं. थांब, कन्फर्म करतो," तो म्हणाला.

आता त्याचं काम आठवा. त्याच्या लॅबमध्ये एकदा आलेला सिग्नल सिग्नलच नसतो. दहा वेळा आला तरच खरा. त्यामुळे तो त्या हातभर जागेवर चकती इकडून तिकडे, तिकडून इकडे घुमवत राहिला. तिसऱ्या खेपेला आवाज मंदावला आणि पाचव्या खेपेला बंदच पडला. पडणारच! ते यंत्र सतत नव्याने माती मोजत होतं. पुन्हा पुन्हा तीच जागा दाखवल्यावर त्याने तिथलं सोनंही मातीतच जमा करून टाकलं. असं होऊ नये म्हणून त्यालाही एक बटण होतं. ते अनुपने दाबलंच नाही.

"काही नाही आई. भास आहे तो." मग जरा मऊ आवाजात तो म्हणाला, "शुक्रवारी डॉक्टरांना हेही सांगू या. कानात आवाज येतात म्हणून."

रमाबाईंचा चेहरा लाल झाला. मी हातात होतो, त्यांची मूठ आवळलेली मला कळली.

"तुझ्या यंत्राने पहिल्या खेपेला आवाज दिला का नाही?"

"दिला. पण रिपीट झाला नाही ना!"

"माझं देतंय. दहाच्या दहा वेळा."

"आई, तुला ऐकू..." अनुप अर्ध्यावर थांबला.

"बोल ना, बोल!" त्या तिथेच मातीत बसल्या. "खणल्याशिवाय मी इथून उठत नाही. गाडी घेऊन जायचं तर जा."

"डॅड, जस्ट डिग इट!" सई ओरडली.

अनुपने वैतागून चार बोटं खणलं. काही दिसलं नाही. "बघ," तो म्हणाला. रमाबाईंनी मला आधी खणून बाहेर काढलेल्या मातीवर धरलं, तर मी जैसे थे. मग खड्ड्यावर धरलं, तर आवाज आधीपेक्षा मोठा. "अजून आत आहे," त्या म्हणाल्या. अजून दोन बोटं खणल्यावर आवाज बाहेरच्या ढिगात गेला. मग त्यांनी हातातलं घड्याळ काढून सईला दिलं आणि ढिगातली माती मूठमूठ घेऊन माझ्या चकतीसमोरून फिरवली. मुक्या मुठी फेकल्या. बोलकी मूठ अर्धी केली, मग पुन्हा अर्धी. शेवटी तळहातावर चिमूटभर माती उरली. त्यांनी फुंकर मारली. तुरीच्या दाण्याएवढं, ओबडधोबड, पिवळंधमक सोनं!

सई नाचायला लागली. अनुपने तो दाणा चिमटीत धरून उन्हात फिरवून बघितला.

"सॉरी आई," तो म्हणाला. "शुक्रवारची अपॉइंटमेंट कॅन्सल करतो."

"काहून? राहू दे की," रमाबाई म्हणाल्या. हेडफोन अजून त्यांच्या गळ्यात होता. "फक्त माझ्या नावाच्या जागी तुझं नाव घाल. दोन महिने झाले, मी सांगतेय की मले ऐकू येतं. तुला ते एकदाही ऐकू आलं नाही."

अनुप खड्डा बुजवायला लागला. मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, त्या नव्या डिटेक्टरवर माझा राग नाही. पावलापावलाला माती बदलते तिथे तोच बरा, हे मी मान्य करतो. पण मी मोडीत निघालोय असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं यंत्र असेल तर त्याचे सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात. अधूनमधून फडकं मारा. त्याच्यावर स्केट्स टांगू नका. आणि घरातलं जुनं माणूस कधी म्हणालं, "मला ऐकू आलं," तर त्याला आधी डॉक्टरकडे नेऊ नका. आधी खणा.