कोपऱ्यातली खाट आणि दिलरुबा

दत्तोपंत मास्तर दिलरुबा घेऊन दारात आले की बायकांच्या वॉर्डात सगळ्यांच्या तब्येती एकदम सुधारत. कण्हणारी गप्प होई, पांघरुणात पडलेली उठून वेणी घाली, आणि जिच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं ती देवकाबाई मोठ्यानं भाकर मागे.

गोष्ट त्रेपन्न सालची. आर्वीच्या त्या दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते. दुखणं हाताबाहेर गेलेल्या रोग्याच्या उशाशी संथ वाद्य वाजवलं तर वेदना सुसह्य होतात, असं त्यांचं मत. म्हणून शाळेतून निवृत्त झालेले दत्तोपंत रोज संध्याकाळी येत आणि सगळ्यांत गंभीर खाटेजवळ बसून दिलरुब्यावर गज ओढत. डॉक्टरांनी हे वॉर्डाला समजावून सांगितलं नाही, एवढंच चुकलं. मास्तर जिथं बसतात ती खाट लवकरच रिकामी होते, हे वॉर्डानं आपलं आपण ओळखलं.

उठून बसलेल्या बायका पाहून डॉक्टर खूष होत. "बघा, नुसतं वाद्य पाहून उभारी आली!" सगळ्याच बऱ्या म्हटल्यावर वाजवायचं कुणाजवळ? दारातच थोडं वाजवून मास्तर घरी जात.

कोपऱ्यातल्या खाटेवर कारंज्याच्या रूपरावची बायको रुख्माबाई होती. तिच्या पोटातली गाठ आता कापण्यापलीकडे गेली होती. रूपराव संत्र्याच्या बागेचा मालक, गडी खमक्या. काही झालं तरी तो दिलरुबा बायकोजवळ फिरकू द्यायचा नाही, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. मास्तर यायच्या सुमाराला तो तिला उठवी, मागून आपली पाठ टेकू म्हणून लावी आणि तिच्या हातात संत्र्याची फोड देई. लांबून पाहणाऱ्याला वाटे, बाई मजेत संत्रं खातेय.

"कशा आहेत रुख्माबाई?" मास्तर दारातूनच विचारत.

"एकदम मस्त! घरी नेतो आता. तुमी तिकडंच वाजवा."

एका संध्याकाळी त्यानं तिला उठवायला हात घातला, तर तिनं तो धरून ठेवला.

"मले रोज काऊन बसवता जी?"

"मास्तर येऊन राह्यले. तू बरी दिसली पाह्यजे."

"बसलं का लय दुखते. अन् त्यायचं वाजवणं मले आवडते. एकडाव जवळून आयकू द्या ना."

"ते जवळ आले का काय होते, माईत हाय ना तुले?"

"माईत हाय. ते नाई आले तरी होऊनच राह्यलं."

इतके दिवस रूपराव मास्तरांना अडवत होता, आणि तिचं दुखणं त्याच्याच पाठीला टेकून बसत होतं.

त्यानं तिला हळूच आडवं केलं. उशी सारखी केली. मास्तर दारात आले तेव्हा वॉर्डात बाकी सगळ्या उठून बसलेल्या, आडवी अशी ती एकटीच होती.

"या मास्तर," रूपराव म्हणाला. "इथं बसा. अन् घाई करू नका."

मास्तर बसले. गज तारेवर फिरला. रुख्माबाईनं डोळे मिटले आणि कपाळावरच्या आठ्या थोड्या सैल पडल्या. थोड्या वेळानं देवकाबाईनं भाकर बाजूला ठेवली आणि तीही आडवी झाली. मग तिच्या शेजारची. बसून बसून सगळ्याच दमल्या होत्या.

बसून राहिला तो फक्त रूपराव. बायकोच्या हातात द्यायची संत्र्याची फोड आता त्याच्या मुठीत होती, आणि ती कुठं ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं.