उज्जेचा दास होणार नाही

उमैमाचं पोर पोटात आडवं आलं होतं. सुइणीनंही हात टेकले. तेव्हा सासऱ्यानं, म्हातार्‍या अदीनं, उज्जादेवीला बोकड बोलून टाकला. उमैमानं मात्र दातओठ खात एका अल्लाहलाच हाक मारली, दुसरं नाव ओठांवर येऊ दिलं नाही. पोर सुखरूप सुटलं. आज त्याचा सातवा दिवस, आणि निम्मी मक्का रस्सा ओरपायला अंगणात जमलेली.

बोकड कापून झाला. आता बाळाच्या टाळूला रक्त लावायचं आणि आजोबांनी त्याला हातांत घेऊन मोठ्यानं नाव सांगायचं, असा रिवाज.

"अब्दुल उज्जा!" अदी म्हणाला. "उज्जेचा दास!"

"नाही," उमैमा म्हणाली. अंगणातल्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. "माझा मुलगा दगडाचा दास होणार नाही. तो अब्दुल्लाह. अल्लाहचा दास, दुसऱ्या कुणाचा नाही."

अदी आधी हसला. "अगं पोरी, अल्लाहला आम्ही कुठं नाकारतो? तो सगळ्यांच्या वर आहेच. पण एवढ्या मोठ्याकडं आपली दाद कोण नेणार? मधे कुणी वजनदार लागतंच की!"

"आडवं पोर मी मधल्याशिवाय मागितलं, अब्बा. त्यानं ऐकलं."

"ऐकलं ते मी बोकड बोललो म्हणून!"

"मग बाळंतपण बोकडानं केलं म्हणायचं!"

बायकांत कुणीतरी खुदकन हसलं आणि म्हातार्‍याचं डोकं फिरलं. त्यानं बाळ छातीशी आवळलं. "पोर आमच्या कुळाचं आहे. तू चालती हो! उद्यापासून तुझ्या जिवाला कुणी हात लावला तर माझी माणसं तलवार उचलणार नाहीत."

सात दिवसांची बाळंतीण, दूध भरून आलेलं, आणि पोर दुसऱ्याच्या हातात. पण जीभ मागं घेईल तर ती उमैमा कसली!

"अल्लाहला जोड नाही," ती रडत रडत ओरडली. "मारा मला, तरी नाही!"

तिचा नवरा इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. नाव अब्द शम्स, सूर्याचा दास. आयुष्यात बापापुढं त्यानं कधी मान वर केली नव्हती, आणि त्याबद्दल उमैमानं त्याला घालूनपाडून बोलायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. तो पुढं आला, बापाच्या हातांतून बाळ काढून घेतलं, बायकोकडं दिलं आणि तिचा दंड धरून दाराकडं चालू लागला.

"या उंबऱ्याबाहेर तुलाही कुणी वाली नाही!" अदी गरजला. मग त्याचा आवाज फाटला. "अब्द शम्स! बाळा, अब्द शम्स!"

नवऱ्याचे पाय थांबले. झालं, आता फिरतो माघारी, असं उमैमाला वाटलं.

तो वळला. डोळे भरून आले होते त्याचे. "नुसतं बाळा म्हणा, अब्बा, धावत येईन," तो म्हणाला. "त्या नावाला आता ओ देणार नाही."