चिंगी

समुद्राच्या तळाखाली गॅस असेल अशी जागा जो पहिल्यांदा दाखवतो, त्यानंच तिला नाव द्यायचं, असा आमच्या कंपनीत रिवाज. बाकीचे भूवैज्ञानिक ताऱ्यांची, डोंगरांची नावं देतात. मी दिलं चिंगी.

"एवढी कोट्यवधींची विहीर आणि नाव चिंगी?" साहेब हसले.

मी हसले नाही. माझ्या मुलीला आम्ही चिंगी म्हणायचो. साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. नवरा तर त्या नावाला वळसाच घालतो.

विहीर खोदायला लागल्यापासून मात्र रोज सकाळी समुद्रातल्या रिगवरून इंजिनिअरचा फोन यायचा. "बाई, चिंगी आज शांत आहे." "आज चिंगीनं फार छळलं." मी कानात प्राण आणून ऐकायचे. कामाचं बोलणं संपलं तरी काहीबाही विचारत राहायचे.

मग खडकाची मोजमापं आली. ज्या वाळूच्या थरावर माझी सगळी भिस्त, त्यात नुसतं खारं पाणी. आणि पाणी लागलेल्या विहिरीला आम्ही कोरडी म्हणतो, असा हा उफराटा धंदा.

"खाली आणखी एक थर आहे ना?" साहेबांनी विचारलं. "तुम्ही म्हणाल तर खोदू."

तो थर मीच नकाशावर काढला होता, निव्वळ आशेवर. पुरावा म्हणाल तर काडीचा नाही. पण हो म्हटलं असतं तर अजून महिनाभर फोन आले असते. तेही वादळाच्या दिवसांत, रिगवरची सगळी माणसं पाण्यात अडकवून. माझा मलाच राग आला. गेलेल्या लेकीसाठी दुसऱ्यांच्या लेकरांचा जीव टांगणीला लावायचा?

"चिंगीत काही नाही," मी म्हणाले. "बंद करा."

विहिरीत सिमेंट भरलं, त्या दिवशी इंजिनिअरचा शेवटचा फोन आला. "झालं, बाई. चिंगी बंद." त्या बिचाऱ्याला काय माहीत. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि दार लावून रडले.

संध्याकाळी नवरा भांडी विसळत होता. "विहिरीचं काय झालं?"

"कोरडी निघाली. बंद केली." आणि मग मी त्याला विहिरीचं नाव सांगितलं, रिगवरून येणाऱ्या फोनांचंही.

त्याचा हात थांबला. "रोज घ्यायचे तिचं नाव?"

"रोज सकाळी."

त्यानं नळ बंद केला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस गं? मीही बसलो असतो फोनपाशी."