नऊशे ऐंशी

"किती आलं उत्तर?" बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, देवतळे सरांनी, चष्मा कपाळावर ढकलत विचारलं.

"नऊशे एक्केचाळीस, सर," करिष्मा म्हणाली.

"आणि यायला किती पाहिजे?"

"नऊशे ऐंशी."

"मग तुमच्या वाडीत पृथ्वीची ओढ कमी पडते काय?"

प्रयोगशाळेत हशा पिकला. दोन टेबलं पलीकडे उभ्या असलेल्या अंकुश सरांना तेवढं हसू आलं नाही, कारण चूक कुठे आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. भोकं पाडलेल्या लोखंडी दांड्याला झोका द्यायचा, झोक्यांचा वेळ मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वाचा आकडा काढायचा, असा हा प्रयोग. पण दांडा ज्या ब्रॅकेटला टांगला होता, तोच भिंतीत ढिला झालेला. दांड्याबरोबर तोही डुलायचा, झोक्याला जास्त वेळ लागायचा आणि आकडा खाली यायचा. ऑफिसात सांगून सांगून अंकुश सरांची जीभ झिजली होती.

पोरं मात्र हुशार. आधी खाली नऊशे ऐंशी लिहायचं आणि तिथून उलटं वर येत एकेक वेळ बसवायचा. दांडा आपला नावापुरता हलवायचा. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. शिकवणाऱ्यांना माहीत, तपासणाऱ्यांना माहीत, आणि सगळ्यांचं सुखेनैव चाललेलं.

यंदा 'दोलनं आणि तरंग' शिकवताना अंकुश सरांना काय सुचलं कोण जाणे. वर्गात म्हणाले होते, "दिसेल तेच लिहा रे. आकडा चुकला, तर काहून चुकला तेही लिहा. बाकी सारी नक्कल." माना सगळ्यांनी डोलावल्या. विश्वास ठेवला तो एकट्या करिष्मानं. तिचे बाबा वाडीच्या एका धरमकाट्यावर ट्रकांचं वजन करायचे. "आमच्या काट्यावरही असंच राह्यते सर," ती तेव्हा आनंदानं म्हणाली होती. "काटा जे दाखवन, तेच लिहा लागते."

आणि आज तिनं उत्तराखाली स्वच्छ लिहिलं होतं: ब्रॅकेट हलतो, म्हणून आकडा कमी आला.

"वा! वरून कॉलेजलाच दोष?" देवतळे सरांचा आवाज चढला. "कोणी शिकवलं हे?"

"अंकुश सरनं सांगतलं."

"काय हो अंकुश? तुम्ही सांगितलं?"

अंकुश सरांचं अर्धं आयुष्य या कॉलेजात तासिकेवर गेलं होतं. तास घ्याल तेवढाच पगार, सुट्टीत ठणठणाट, आणि दर जूनला नव्यानं हात जोडणं. केस पिकले तेव्हा कुठे कायम जागेची जाहिरात निघाली होती. पुढच्या आठवड्यात मुलाखत, आणि मुलाखत घेणाऱ्यांत हेच देवतळे. हुडकेश्वरच्या घरी बायकोनं, तारानं, त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून वेगळा काढून ठेवला होता.

"नाही सर," अंकुश सर म्हणाले. "मी कशाले सांगू असं? पोरगीच ऐकत नाही कोणाचं."

करिष्मानं त्यांच्याकडे पाहिलं. भांडली नाही, रडलीही नाही. ओढणी सावरून निघून गेली. प्रॅक्टिकलला ती नापास झाली.

मुलाखतीत देवतळे गोड बोलले. चहाही पाजला. जागा मात्र संस्थेच्या सचिवांच्या जावयाला मिळाली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

"आपल्या नशिबातच नव्हतं," तारा म्हणाली. अंकुश सरांनी तिला करिष्माचं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं तोंड नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत, एक पैसा पगार नसताना, त्यांनी स्वतः मिस्त्री आणला. भिंत फोडून ब्रॅकेट सिमेंटात पक्का बसवून घेतला. दांडा हलवून पाहिला, पुन्हा पुन्हा पाहिला. आकडा नऊशे ऐंशीच्या अगदी जवळ आला. रिकाम्या प्रयोगशाळेत त्यांना रडू कोसळलं.

हिवाळी परीक्षेला करिष्मा पुन्हा आली. चिठ्ठी उचलली, तर नेमका तोच प्रयोग. अंकुश सरांच्या जिवात जीव आला. ती टेबलाशी बसली आणि दांड्याकडे न बघताच लिहू लागली. आधी खाली उत्तर, मग वर एकेक वेळ. आलेखाची रेघ तर इतकी सुबक की बघत राहावी.

ते जवळ गेले. हळूच म्हणाले, "करिष्मा, ब्रॅकेट पक्का केला मी. आता खरंच बरोबर येऊन राहिलं वं. एकदा दांडा हलवून त पाह्य."

तिनं मान वर केली. नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"कोणी सांगतलं सर, हलवाले?"

तिनं पेपर सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला. अंकुश सरांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. ती गेली. भिंतीतल्या पक्क्या ब्रॅकेटला दांडा टांगलेला होता, सरळ, जराही न हलता.