टॉपच्या वायरी

योगराज माझ्याशी गद्दारी करतोय, असा संशय मला पहिल्यांदा आला तो कामठ्याच्या एका वरातीत, भरदुपारी. मी पिकअप गाडीवर उभा राहून डीजे वाजवत होतो आणि तो खाली मिक्सरवर होता. आमची वाटणी पहिल्यापासून तशीच आहे. गाणी मी निवडतो, मी जोडतो, आणि ती लोकांच्या कानांपर्यंत कशी पोचायची ते तो ठरवतो. बेस किती ठेवायचा आणि टॉप किती, हे त्याच्या हातात. टॉप म्हणजे वरच्या छोट्या पेट्या. झांज, टिकटिक, ठोक्याची धार, सगळं त्यांतून येतं. त्या दिवशी त्यानं टॉप इतका चढवला की नवरदेवाची आत्या कानांवर पदर दाबून मांडवात पळाली. मी वरून कानाकडे बोट दाखवून खूण केली, कमी कर. त्यानं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला आणि आणखी चढवला.

आता एवढ्यानं कोणी मित्रावर संशय घेतो का? मी घेतो. माझा स्वभावच तसा आहे, आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही. वरातीची गाणी वाजवून माझं पोट भरतं, पण माझा जीव ड्रम अँड बेसमध्ये अडकलाय. ते संगीत इंग्लंडात जन्मलं. त्यात ढोल जीव घेऊन पळतात आणि त्यांच्या खालून बेस म्हशीसारखा निवांत चालतो. गोंदियात हे कोण ऐकणार, असं लोक म्हणतात. ज्या मुलखात धुमाल पार्टीच्या, म्हणजे आमच्याकडच्या ढोलताशांच्या ताफ्याच्या, मागे म्हातारेसुद्धा नाचत निघतात, तिथे पळते ढोल कोणाला समजावून सांगायचे? मी धुमालचेच ठोके रेकॉर्ड करतो, तोडतो, पळवतो आणि खाली बेस सोडतो. पण त्यात टॉप बिघडला की सगळंच बिघडलं. ठोका चिरका झाला की लोकांना वाटतं, डब्यात खिळे हलवतोय.

हे संगीत मी सगळ्यात आधी योगराजलाच ऐकवलं होतं. आयटीआयच्या मागच्या भिंतीवर बसून, एका हेडफोनचा एक कान त्याला आणि एक मला. पूर्ण ऐकून झाल्यावर तो म्हणाला होता, "परत लाव." जिल्ह्यात हे कळणारी माणसं दोनच, मी आणि तो, असं मी छाती फुगवून सांगत आलो. म्हणून तर त्याची गद्दारी जास्त झोंबली.

त्यातच नागपूरहून हर्षिताचा मेसेज आला. ही मुलगी तिकडे ड्रम अँड बेसचे कार्यक्रम भरवते. माझे धुमालचे ट्रॅक तिनं इंटरनेटवर ऐकले होते. मैदानात, माणसांसमोर तुमचा आवाज कसा येतो ते ऐकायचंय, पटलं तर माझ्या कार्यक्रमात पूर्ण एक तास तुमचा, असं तिनं लिहिलं. येत्या शनिवारी सौंदडला ग्यानीरामजी नावाच्या बड्या असामीच्या मुलाचं लग्न होतं आणि तिथे वाजवायचं काम माझ्याकडे होतं. तिथेच ये, असं मी कळवलं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं होतं, आणि मिक्सरवर कोण, तर योगराज.

मग मी त्याच्यावर डोळा ठेवला. ठेवल्यावर काय काय दिसलं म्हणता! फोन केला तर उचलायचा नाही. मागाहून मेसेज करायचा, "कामात होतो, लिहून पाठव." आधी तासन् तास बोलणारा माणूस आता लिहून मागत होता. मागून हाक मारली तर ओ नाही, पुढे जाऊन उभं राहिलं तर गोड हसणं. एकदा मी डिझेलबद्दल विचारलं तर म्हणाला, "हो, जेवलो." मी समजलो, हा मला उडवून लावतोय. आणि बुधवारी सौंदड स्टेशनाजवळच्या टपरीवर तो कैलाशसोबत चहा पिताना दिसला. कैलाश म्हणजे तिकडचा मोठा डीजे, माझा पक्का स्पर्धक. ग्यानीरामजींकडचं काम त्याच्या हातून माझ्याकडे आलेलं. दोघांची डोकी अगदी जवळ होती. कैलाश त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होता. मला पाहताच योगराज दचकला.

आता काही बाकी राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गोंदियाच्या साउंडवाल्या खेमराजला फोन करून शनिवारी मिक्सरवर बसतोस का, असं विचारलं. तो हो म्हणाला. तरी योगराजला रंगेहाथ पकडल्याशिवाय माझं समाधान होणार नव्हतं.

आमचं सामान कामठ्यात धानाच्या एका जुन्या गोदामात असतं. शनिवारची तयारी म्हणून मी योगराजला त्याच दुपारी बोलावलं आणि तो येण्याआधी टॉपच्या वायरी मागून उपसून ठेवल्या. आता फक्त बेसच्या पेट्या वाजणार, वरचं काहीच नाही. प्रामाणिक असेल तर लगेच ओरडेल, की अरे, टॉप मेला. मनात काळं असेल तर गप्प बसेल, आयताच बिघडलाय म्हणून. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मी ट्रॅक सोडला. गोदामाचे पत्रे थरथरले. ठोक्यांना धार नाही, झांज नाही, नुसता गढूळ घुमारा. कोणाही शाण्या माणसानं कपाळावर हात मारला असता. योगराजनं टॉपची कळ थोडी वर केली, मग आणखी थोडी, मग पार टोकाला नेली. मग उजवा तळवा बेसच्या पेटीवर ठेवला, डोळे मिटले आणि मान डोलावू लागला.

"आता मस्त खुलून राहिलं गा, तिलक," तो म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी ट्रॅक बंद केला. तो माझ्याकडे पाठ करून, पेटीवर तळवा तसाच ठेवून उभा होता. मी त्याच्या पाठीला म्हणालो, "कैलाशनं काय देतो म्हटलं तुले?" "शरम नाही वाटत? तुले भाऊ मानलो मी." त्याचा तळवाही पेटीवरून हलला नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मिक्सरवर, अगदी त्याच्या कोपराजवळ, पालथा पडलेला. गोदाम रिकामं, त्यामुळे तो कर्कश आवाज चारी भिंतींवर आपटत होता. योगराजनं मान वळवली नाही. फोन पूर्ण वाजून थांबला, परत वाजू लागला, आणि तो आपला पेटीकडे बघत विचारतोय, "काऊन बंद केलास गा? चालू दे ना."

मी पुढे जाऊन त्याच्या समोर उभा राहिलो. त्यानं माझा चेहरा पाहिला, मग फोनच्या कडेनं येणारा उजेड पाहिला, आणि त्याला कळलं की मला कळलंय.

"कधीपासून?" मी तोंड मोठं करून विचारलं.

"पावसाळ्याच्या आधीपासून. बेस येते, वरचं गेलं," तो म्हणाला. "कैलाशचाही एक कान गेला आहे ना, म्हणून त्याले डाक्टर विचाराले गेलो होतो. डाक्टर म्हणते, गेलं ते गेलं."

"मले कायले नाही सांगितलास?"

"सांगतलो असतो तर तू दुसरा पाहिला असता."

"नाही पाहत," मी म्हणालो.

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग त्यानं फोन उचलून माझ्यापुढे धरला. खेमराजचा मेसेज होता, सकाळचाच. शनिवारी तू येणार नाहीस का, तिलकनं मला बोलावलंय, असं त्यात विचारलं होतं. म्हणजे हे सगळं ठाऊक असूनही तो दुपारी आला होता, माझ्यासाठी पेट्या पुसून, ओळीत लावून, मिक्सरवर उभा राहिला होता. मला त्याच्या नजरेला नजर देववेना. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"रडू नको गा," तो म्हणाला. "खेमराजलेच बसव. त्याचा कान चांगला आहे. तुयी ती नागपूरची पोरगी येऊन राहिली, तिले बरोबरच आयकू यायला पाहिजे. मी फक्त बेसच्या पेटीले हात लावून बाजूले उभा राहतो. चालेल ना?"

निदान क्षणभर तरी मी थांबायला हवं होतं. नाही, तूच बस, असं एकदा तरी म्हणायला हवं होतं. मी लगेच हो म्हणून मान हलवली.